लोण्याच्या रंगाचे ठिपके

भूल देणारा डॉक्टर म्हणजे गप्प माणूस, असा माझा समज होता. कोल्हारला नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी माझं प्रसूतिगृह सुरू केलं आणि पहिल्या मोठ्या ऑपरेशनला नगरहून सर आले, तेव्हा तो मोडला.

पेशंट पन्नाशीच्या पुढची होती. गर्भपिशवीला गाठ. टेबलावर आडवी झाली तरी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून होती. सरांनी तिच्याजवळ आपलं स्टूल ओढलं आणि शेजारच्या ओसरीवर बसल्यासारखं विचारलं, "तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी?" ती म्हणाली, गुरुवारी. मग परवाच्या बाजारातून काय काय आणलं, असं त्यांनी विचारलं. बाई सांगायला लागली. वांगी आणली, मिरच्या आणल्या, नातवाला खाऊ आणला, सुकट बघितली पण... आणि तिथेच तिला झोप लागली. ऑपरेशन झालं, भूल उतरायला लागली, बाईच्या पापण्या हलल्या. सर तिच्या कानाशी वाकले. "मग सुकट घेतली का नाही?" बाई जड जिभेनं म्हणाली, "महाग होती." सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या लेखी पेशंट शुद्धीवर आली होती.

तरुण बायकांना ते बाजार विचारत नसत, सासूचं नाव विचारत. उत्तरापेक्षा चेहरा बघायचा, असं त्यांचं म्हणणं. सासूच्या नावाला कपाळावर आठी आली की मेंदू पूर्ण जागा झाला.

आमच्याकडे तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या लहान दवाखान्यांत भूल देणारा डॉक्टर कायमचा नसतो. फोन केला की तो आपली पेटी घेऊन येतो. सर असे निम्म्या जिल्ह्यात फिरत. सकाळी राहुरीत, दुपारी आमच्याकडे, दुसऱ्या दिवशी पार जामखेडला. गाडीत पेटी, घडीचं लाकडी स्टूल आणि गूळ-शेंगदाण्यांचा डबा. दवाखान्याच्या स्टुलावर ते कधी बसले नाहीत. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी चार दाणे आणि गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय त्यांनी सुई हातात घेतली नाही. आमच्या सिस्टर सुरुवातीला हसायच्या. मग एकदा फार रक्त गेलेली एक मुलगी आली आणि तिच्या उशाशी सर जसे बसून राहिले, ते पाहिल्यावर त्या डब्याला कोणी हसलं नाही. त्या दिवशी त्यांनी काय द्यायचं, किती द्यायचं, केव्हा थांबायचं हे ठरवायला एक श्वासही जास्त घेतला नव्हता.

हाच माणूस थिएटरच्या दारातून बाहेर आला की त्याला काही म्हणजे काही ठरवता येत नसे. ऑपरेशननंतर आम्ही चहाला जायचो तर हॉटेलवाल्याला भजी सांगायची की वडा, यात चहा निवायचा. नगरला सावेडीत त्यांचं घर होतं. त्याच्या समोरच्या भिंतीवर रंगाऱ्यानं नमुन्याचे दोन पट्टे मारून दिले होते. एक पट्टा अबोलीकडे झुकणारा, दुसरा बदामी. सर विचार करत राहिले. रंगारी दुसऱ्या कामांना गेला, त्याच्या मुलांची लग्नं झाली, पट्टे तसेच. लग्नाबद्दल कोणी विचारलं तर सर म्हणत, "ठरवता ठरवता राहून गेलं." त्यात खंत नव्हती. नगरची बस चुकली, दुसरी मिळाली, असं सांगावं तसं सांगत.

घड्याळ हा मात्र त्यांचा जुना नाद. त्यांच्या मनगटावर ऐन तारुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून घेतलेलं साधंच घड्याळ असे. पण त्याला काचेभोवती फिरणारी कडा होती. पाण्यात बुडी मारणारे लोक असली घड्याळं वापरतात. बुडी मारताना कडेवरची खूण मिनिटकाट्याशी आणायची, म्हणजे पाण्याखाली किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं. सर भूल दिली की ती कडा फिरवत. त्यांना पोहता येत नव्हतं. ते मूळचे खर्ड्याचे. तिकडे लहानपणी पाणी बघायला मिळालं तेच नशीब, असं ते म्हणत. तरी एकदा मी विचारलं, की सर, नगर जिल्ह्यात पाणबुड्याचं घड्याळ कशाला, तेव्हा ते म्हणाले, "मीही माणसाला खालीच नेतो की. आणि वर आणेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो."

ते जुनं घड्याळ एके वर्षी बंद पडलं ते पडलंच. सरांनी ठरवलं, म्हणजे इतपतच ठरवलं, की आता घ्यायचं ते खरं घ्यायचं. त्यांचा मेडिकल कॉलेजातला एक जिवलग मित्र परदेशात सर्जन होता. त्याला उंची घड्याळं जमवायचा शौक. त्याच्याकडे एकाच नामांकित कंपनीच्या एकाच पाणबुड्या घड्याळाच्या दोन पिढ्या होत्या. एक कंपनीनं आता बनवायचं थांबवलेलं, दुसरं त्याच जागी आलेलं नवं. त्या हिवाळ्यात तो पुण्याला आईकडे राहायला आला, तेव्हा दोन्ही घेऊन आला. नगरला येऊन सरांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, की दोन्ही वापरून बघ, आवडेल ते तुझं, दुसरं मी जाताना परत नेईन. हिशेब आपण मागाहून बघू.

सरांना रोज बघणाऱ्या कोणीही त्यांना असं करायला सांगितलं नसतं.

पुढचे कित्येक आठवडे निम्मा जिल्हा या घड्याळांच्या नादी लागला. सर सोमवारी जुनं घालायचे, मंगळवारी नवं, बुधवारी दोन्ही हातांत दोन. जुनं अंगानं पातळ होतं, मनगटाला चिकटून बसायचं. त्याचा पट्टा हलका, हात हलवला की किणकिणायचा. कडा अल्युमिनियमची, तिच्यावर बारीक ओरखडे. नवं जाडजूड, जड. कडा चिनीमातीसारख्या चकचकीत पदार्थाची, ओरखडा पडणार नाही अशी. त्याच्या तबकडीवरचे ठिपके मोठे, काटे रुंद. मी टाके घालत असताना डोक्याशी बसलेले सर विचारत, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" मला वाटायचं पेशंटबद्दल विचारतायत. सिस्टरचं मत घेतलं, एक्स-रेवाल्याचं घेतलं, पेट्रोल पंपावरच्या माणसाचं घेतलं. राहुरीच्या एका सर्जननं वैतागून सांगितलं, की सर, नाणं उडवा. सरांनी ते मनावर घेतलं नाही. नाण्याला काय कळतं, म्हणाले.

ऐकणाऱ्याला त्यांचं मन कुठे आहे ते कळायचं. जुन्याबद्दल बोलताना आवाज मऊ व्हायचा. त्याच्या पट्ट्याची किणकिण ते कानाशी नेऊन ऐकायचे. नव्याबद्दल मात्र ते वकिलासारखे बोलायचे. दणकट आहे, ठिपके ठसठशीत आहेत, माणसानं पुढचा विचार करावा. मी म्हणायचे, आवडतं ते घ्या ना. ते म्हणायचे, "आवडीचं एवढं सोपं नसतं."

मग एक दिवस त्यांनी मला मोठ्या आनंदानं एक गोष्ट सांगितली. जुन्या घड्याळांच्या ठिपक्यांवरचा, अंधारात चमकणारा पांढरा रंग काही वेळा वर्षानुवर्षांनी पिवळसर होतो. शौकीन लोकांत अशा पिवळेपणाला फार मान. तर या जुन्याचे ठिपके अगदी ताज्या लोण्यासारखे झाले होते. मित्रानं हे सांगितलं नव्हतं, म्हणजे त्याच्या लक्षातच आलं नसणार. मी त्या वेळी हातमोजे घालत होते, लांबूनच मान डोलावली.

महिन्याभरानं सर आले ते पडक्या चेहऱ्यानं. शेंगदाण्याचा डबा उघडलाच नाही. ऑपरेशन झाल्यावर चहा घेताना सांगितलं, की मित्राशी बिनसलं. का, तर नव्या घड्याळाचे ठिपकेही पिवळसर आहेत. नव्या घड्याळाचे कसे होतील? म्हणजे हे नवं नाहीच. कोणीतरी उघडून त्यात जुना माल घातलाय, नाहीतर अख्खं घड्याळच नकली. सरांनी मित्राला फोनवर तसं विचारलं. मित्र दुखावला. मी तुला फसवीन असं तुला वाटलं तरी कसं, म्हणाला, आणि दोन्ही घड्याळं पुण्याला पाठवून दे, असं सांगून त्यानं फोन ठेवला. कॉलेजात एका ताटात जेवलेली माणसं ही. सर कपातल्या चहाकडे बघत बसले होते. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण घड्याळापायी ते असे होतील असं मला वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी मला नगरला काम निघालं. ते आटोपून मी सावेडीला सरांकडे गेले. दुपारची वेळ. त्यांची थोरली बहीण खर्ड्याहून आलेली होती. तिला सगळे आक्काच म्हणत. सत्तरीची, काटक, डोक्यावरून पदर. थंडीचे दिवस ती भावाकडे काढायची आणि त्याच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू जागेवरून हलवायची. तिनं मला ज्वारीची भाकरी आणि पिठलं खायला घातलं, मगच भावाशी बोलू दिलं.

सरांनी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरला आणि त्यावर दोन्ही घड्याळं ठेवली. "उद्या पाठवणार आहे. त्याआधी तुम्ही साक्षीदार म्हणून बघून घ्या," ते म्हणाले.

मी पहिल्यांदाच दोन्ही शेजारी शेजारी, चांगल्या उजेडात बघत होते. दोन्ही तबकड्या गडद निळ्या होत्या. मोराच्या मानेचा असतो तसा निळा. ठिपके पांढरे होते. जुन्याचे किंचित मंद, पण पांढरेच. नव्याचे तर दुधासारखे. मी एकेक उचलून खिडकीशी नेलं, तिरपं करून पाहिलं.

"सर, हे ठिपके पांढरे आहेत."

"कुठल्याचे?"

"दोन्हींचे."

ते हसले. तुम्हीही मित्राच्या बाजूच्या, असं काहीतरी म्हणाले. मग मी तबकडीचा रंग विचारला. काळा, ते म्हणाले, काळा, फार तर राखाडी. मित्र निळा निळा म्हणत होता, त्याचाही त्यांना राग आला होता.  गेलं वर्षभर दिसत असलेल्या गोष्टी एकामागून एक आठवायला लागल्या. सरांनी अंधार पडल्यावर गाडी चालवणं सोडलं होतं. मनमाड रोडला उसाच्या ट्रॉल्या दिवे न लावता उभ्या असतात, आपल्याला मरायची हौस नाही, असं ते सांगत. आम्ही ती आणखी एक लहर समजलो. औषधाची कुपी फोडण्याआधी तिच्यावरचं नाव सिस्टरनं दोनदा मोठ्यानं वाचायचं, असा त्यांनी नियम घातला होता. नियम इतका चांगला होता की आम्ही तो सगळ्यांनाच लावला. तो त्यांनी का घातला, याचा विचार कोणी केला नव्हता.

माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. त्यांनी आत हाक मारली. आक्का पदराला हात पुसत आली.

"आक्का, हे ठिपके कुठल्या रंगाचे दिसतात तुला?"

तिनं वाकून पाहिलं. "पांढरं हायेत की. का, काय झालं?"

 सर खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे सुरू झालं."

आक्काला ते लगेच कळलं. ती जमिनीवरच बसली, भावाच्या पायाशी. मला मात्र काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. त्यांचे वडील, ज्यांना ती दोघं दादा म्हणत, गवंडी होते. खर्ड्यातली कितीतरी घरं त्यांनी बांधलेली. चाळिशीतच त्यांची नजर कडेकडेनं जायला लागली. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. मग हातातली वीट चुकायला लागली, परांचीवरून चालताना पाय अडकायला लागला. नगरला आणलं तेव्हा काचबिंदू म्हणाले आणि उशीर झाला म्हणाले. त्यानंतर दादांना हात धरून न्यावं लागे. शेतावर, बाजारात, दवाखान्यात.

"मी चौथीत हुते," आक्का म्हणाली. "ह्यो ल्हान. आईला मजुरीला जावं लागायचं. मग मी शाळा सोडली. कुनीतरी धरायला पायजेच की."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. सर खाली बघत होते. ते माझ्याशी बोलले पण नजर आक्काकडे होती. "तिनं हात धरला म्हणून मला शाळेत जाता आलं. माझ्या वेळी कोण शाळा सोडणार?"

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. नजर मंदावतेय हे त्यांना वर्षभरापूर्वीच जाणवलं होतं. दादांचंच आपल्याला आलं, हे त्यांनी मनाशी धरलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते गेले नाहीत, कारण गेलं की ते खरं होईल. त्यांच्या घड्याळाच्या निवडीत आवडनिवड कधी नव्हतीच. नव्याचे ठिपके मोठे होते, काटे रुंद होते. ते जुन्यापेक्षा थोडे जास्त दिवस दिसतील, एवढाच हिशेब. मनातून हवं होतं ते जुनं. रोज सकाळी ते दोन्ही हातांत घेऊन बघायचे, की आज कुठलं किती दिसतंय.

मी डॉक्टर आहे, पण डोळ्यांची नाही. तरी एवढं मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत असायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "सर, काचबिंदूनं जग पिवळं होत नाही. मोतीबिंदूनं होतं."

 स्वतःच्या दुखण्यापुढे डॉक्टर माणूस किती अडाणी होतो, हे त्या दिवशी मी पाहिलं. कोणत्याही पेशंटनं पांढरं पिवळं दिसतं आणि निळं काळं दिसतं असं सांगितलं असतं, तर त्यांनी जागच्या जागी मोतीबिंदू ओळखला असता. पण त्यांना जग पिवळं दिसतंय हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या समजुतीनं घड्याळं पिवळी होती.

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

खात्री मी देऊ शकत नव्हते. मोतीबिंदूच्या मागे काचबिंदूही लपलेला असू शकतो आणि वडिलांना होता म्हटल्यावर तपासल्याशिवाय काही बोलता येत नाही, असं मी खरं ते सांगितलं. माझी एक वर्गमैत्रीण नगरमध्येच डोळ्यांचं हॉस्पिटल चालवत होती. मी तिथूनच तिला फोन लावला. उद्या सकाळी या म्हणाली. सर म्हणाले, बघू, या आठवड्यात जरा कामं आहेत. तेव्हा आक्का उठली.

"उद्या म्हंजे उद्या. दादाला न्ह्यायला उशीर झाला, तुला करायची न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी मी कोल्हारची ओपीडी दुपारवर ढकलली आणि हॉस्पिटलात गेले. आक्का आधीच येऊन बसली होती. भावाचा हात तिनं आपल्या मांडीवर धरून ठेवला होता, उठून पळून जाईल अशा भीतीनं. आत गेल्यावर मैत्रिणीनं डोळ्यांचा दाब मोजला. मग औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतली नस पाहिली. नजरेचा घेर तपासायचं यंत्र असतं, त्यात हनुवटी टेकवून बसवलं. त्या खोलीत सर एकटेच होते. बाहेर आक्का आणि मी बाकावर बसून होतो. दारावरच्या पाट्या वाचून झाल्या, पुन्हा वाचल्या.

मैत्रीण बाहेर आली ती मोकळ्या चेहऱ्यानं. दाब ठीक होता. नस ठीक होती. घेर पुरता होता. दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलेला मोतीबिंदू होता, इतका की हे इतके दिवस चालत-फिरत कसे होते याचंच तिला नवल वाटत होतं. वडिलांमुळे दरवर्षी तपासून घ्यायचं, बाकी काळजी नाही.

आक्कानं मला विचारलं, "म्हंजे दादासारखं न्हाई?"

"नाही आक्का. दादांसारखं नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. सर आतून बाहेर आले, बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे डोळे मिचकावत, आणि आम्हाला ओलांडून सरळ जिन्याकडे निघाले. मी मागे गेले. जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून ते उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी परत येऊन आक्काजवळ बसले.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी त्या हॉस्पिटलात जो उच्छाद मांडला तो मैत्रीण अजून सांगते. आयुष्यभर डोक्याशी बसलेला माणूस पहिल्यांदाच टेबलावर आडवा झाला होता. डोळ्यात कोणते थेंब घातले, केव्हा घातले, पुन्हा केव्हा घालणार, हे त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं. शेवटी ती म्हणाली, "सर, तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी?" हा त्यांचा प्रश्न अख्ख्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांना माहीत होता. सर गप्प झाले ते ऑपरेशन संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. आधी त्यांनी आक्काकडे पाहिलं. तिच्या अंगावर त्यांनीच दिवाळीला घेतलेली साडी होती.

"ही साडी जांभळी आहे?"

"मग? तूच आनलीस की."

त्यांनी ती तपकिरी म्हणून घेतली होती. मग खिशातून रुमालात गुंडाळलेली, पुण्याला पाठवायची राहून गेलेली घड्याळं काढली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा. पुन्हा उजवा. एका डोळ्यानं ठिपके पांढरे आणि तबकडी निळी, दुसऱ्यानं सगळं लोण्यात बुडवलेलं. तिथे रांगेत बसलेले पेशंट या म्हाताऱ्याकडे बघत होते. मग सरांनी मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर पुण्याच्या मित्राला फोन लावला. मी ऐकलं ते इतकंच, "निळं आहे रे. तू म्हणत होतास ते बरोबर. निळंच आहे." पलीकडून काय बोलणं झालं माहीत नाही, पण सर बराच वेळ कानाला फोन लावून हसत होते. मित्र त्याच संध्याकाळी पुण्याहून गाडी करून आला. आक्कानं त्याला बसवून पिठलं-भाकरी वाढली आणि, मित्रावर कोनी असा इश्वास सोडतं व्हय, असं भावाला त्याच्यासमोर चांगलं सुनावलं.

डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. त्यानंतर घड्याळाचा निर्णय कसा झाला, हे मी आजही लोकांना सांगते, कारण सरांनी थिएटरबाहेर इतक्या चटकन काही ठरवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मित्र परत जायच्या आधी निरोपाला आला होता. मीही होते. सरांनी नवं घड्याळ पुसून त्याच्या हातात ठेवलं आणि जुनं स्वतःच्या मनगटावर चढवलं. मित्र म्हणाला, नवं जास्त चांगलं आहे, विचार कर. सर म्हणाले, "चांगलं आहेच. पण मला हे आवडतं."

मित्र माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही हे नवीन होतं.

त्यांच्या लहरींपैकी कुठल्या खऱ्या आणि कुठल्या डोळ्यांच्या, हे आम्हाला पुढे हळूहळू कळलं. उसाच्या ट्रॉल्यांची भीती ऑपरेशनबरोबर गेली. अंधार पडल्यावरही ते मजेत गाडी चालवत येऊ लागले. घडीचं स्टूल राहिलं, डबा राहिला, सासूचं नाव राहिलं. कुपीवरचं नाव दोनदा वाचायचा नियमही त्यांनी ठेवला. आता सर काम थांबवून खर्ड्याला आक्काजवळ राहतात. किल्ल्याच्या बाजूला थोडी जागा आहे, तिथे सीताफळं लावलीत. कलमं कुठल्या जातीची लावायची यावर दोन पावसाळे गेले, असं आक्का सांगते.

मला आठवतात ते मात्र डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा कोल्हारला आले तेव्हाचे. सिझेरियन होतं. बाई पहिलटकरीण, कमरेखाली बधिर केलेली, जागी. सर तिच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलत होते. मी बाळ बाहेर काढलं, मुलगी होती. क्षणभर निळसर, गप्प. मग तिनं तोंड वाकडं केलं, रडायला लागली आणि रडता रडता डोक्यापासून पायापर्यंत तिचा रंग फिरत गेला.

सर स्टुलावरून उठून उभे राहिले. ऑपरेशन चालू असताना ते असे कधी उठत नसत. सिस्टरनं नेहमीसारखी नोंदीसाठी त्यांच्या घड्याळातली जन्माची वेळ विचारली. त्यांना ऐकू गेलं नाही.

"डॉक्टर," ते म्हणाले, "सगळीच अशी गुलाबी होतात?"

"सगळीच होतात, सर."

सिस्टरनं पुन्हा वेळ विचारली. सर अजून मुलीकडेच बघत होते. शेवटी तिनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहून टाकली.